नाकातला पाक आणि कर्त्याचे उत्तरदायित्व

सस्तन प्राण्यांचे नाक श्वास आत घेते आणि वास ओळखते. ही त्याची दोन कामे सर्वांना ठाऊक असतात. तिसरे काम कमी परिचित आहे, ते म्हणजे आत आलेल्या द्रव्यांचे रासायनिक रूपांतर. ते करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, नाकाच्या आतल्या ओलसर अस्तरात आणि त्यावरच्या पातळ द्रवात असतात. टेस्टोस्टेरॉनसारखी स्टेरॉइड संप्रेरके, फुलाफळांतील सुवासिक रेणू, धुरातील हायड्रोकार्बन, तंबाखूतील नायट्रोसामाइन अशा नाना द्रव्यांवर ती क्रिया करतात.

या तिसऱ्या कामातून दोन तात्त्विक प्रश्न निघतात. इंद्रिय आपल्या विषयात बदल करून मगच त्याचे ग्रहण करत असेल, तर त्या प्रत्यक्ष ज्ञानाला प्रमाण मानता येईल का, हा पहिला. रक्षणासाठी असलेल्या याच विकरांच्या हातून काही वेळा विष तयार होते. मग शरीराच्या घडणीत हेतू आहे असे म्हणता येईल का, आणि त्या अपायाचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते, हा दुसरा. भारतीय दर्शनांनी घ्राणेंद्रियाचा फार बारकाईने विचार केला असल्यामुळे दोन्ही प्रश्नांची मांडणी त्यांच्या परिभाषेत नीट होते. आणि पानिपतसारख्या औद्योगिक शहरात दुसरा प्रश्न रोजच्या श्वासाचाच होतो.

अस्तर आणि विकरे

नाकाच्या पोकळीचा बराचसा भाग श्वसन-अस्तराने मढलेला असतो. छताकडच्या भागात गंध-अस्तर असते. माणसात ते लहानसे, तर उंदीर, ससा, कुत्रा यांच्यात बरेच विस्तृत असते. गंध-अस्तरात वास टिपणाऱ्या चेतापेशी, त्यांना धरून ठेवणाऱ्या आधारपेशी, नव्या पेशींना जन्म देणाऱ्या तळपेशी आणि द्रव पाझरणाऱ्या बोमन ग्रंथी असतात. वास टिपण्याचे काम चेतापेशींचे, पण विकरांचा मुख्य साठा आधारपेशींत आणि बोमन ग्रंथींत असतो. एकाच अस्तरात जाणणाऱ्या पेशी वेगळ्या आणि द्रव्य बदलणाऱ्या पेशी वेगळ्या, ही रचना पुढच्या विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

चेतापेशींचे तंतू बारीक छिद्रांच्या हाडातून थेट मेंदूच्या गंधकंदात शिरतात. बाहेरची हवा आणि मेंदू यांच्यात इतके कमी अंतर शरीरात दुसरीकडे क्वचितच आढळते. त्यामुळे या जागी येणारे विषद्रव्य वेळीच निकामी होणे आवश्यक असते. चेतापेशी स्वतः नाजूक असतात. त्या झिजतात, आणि तळपेशींपासून नव्या घडत राहतात.

विकरांत सर्वांत मोठे कुल सायटोक्रोम पी-४५० या लोहयुक्त प्रथिनांचे. कार्बन मोनॉक्साइडशी जोडली गेल्यावर ही प्रथिने ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतात. त्यावरून जपानी संशोधक ओमुरा आणि सातो यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांना हे नाव दिले. ही विकरे परक्या रेणूला प्राणवायूचा एक अणू जोडतात. दुसऱ्या टप्प्यात इतर विकरे त्याच रेणूला ग्लुक्युरॉनिक आम्ल, सल्फेट किंवा ग्लुटाथायोन जोडतात. मग तो पाण्यात सहज विरघळतो आणि बाहेर टाकला जातो. यांखेरीज एस्टर फोडणारी, अल्डिहाइडांचे आम्ल करणारी आणि सायनाइडचे कमी विषारी थायोसायनेटमध्ये रूपांतर करणारी विकरेही नाकात असतात. अनेक सस्तन प्राण्यांत गंध-अस्तरातील पी-४५० चे प्रमाण यकृताच्या खालोखाल भरते. काही द्रव्यांच्या बाबतीत तर नाकातील क्रियेचा वेग यकृतापेक्षाही अधिक असतो.

स्टेरॉइडांवरील क्रिया

१९८८ मध्ये अमेरिकेत दिंग आणि कून यांनी सशाच्या नाकातून पी-४५० ची दोन वेगळी रूपे शुद्ध स्वरूपात मिळवली. त्यांतले एक पुढे सीवायपी २जी१ या नावाने ओळखले गेले. ते जवळजवळ केवळ गंध-अस्तरातच आढळते, आणि टेस्टोस्टेरॉन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे रूपांतर करते. स्टेरॉइड रेणू तेथे हवेतूनही येतात आणि रक्तातूनही पोचतात. माणसात मात्र सीवायपी २जी या उपकुलाची जनुके निकामी झालेली आढळतात. सशाच्या नाकात जे विकर भरपूर असते त्याचा माणसाच्या वारशात बहुधा केवळ अवशेष उरला आहे.

काही स्टेरॉइड स्वतःच वासाचे संदेशवाहक असतात. डुकराच्या लाळेतला अँड्रोस्टेनोन हा त्यांतला सर्वांत अभ्यासलेला. माजावर आलेली मादी त्याच्या वासाने स्थिर उभी राहते. तिच्या नाकाचे अस्तर हाच रेणू बदलून त्याचे दुसऱ्या स्टेरॉइडमध्ये रूपांतर करते, म्हणजे संदेश देणारा रेणू ज्या जागी टिपला जातो तिथेच तो संपवलाही जातो. माणसांत अँड्रोस्टेनोन कोणाला घामासारखा किंवा मूत्रासारखा उग्र वाटतो, कोणाला गोडसर वाटतो, तर कोणाला त्याचा वासच येत नाही. या फरकाचा काही भाग एका गंधग्राहीच्या, म्हणजे गंधरेणू टिपणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकातील भेदांमुळे पडतो, असे २००७ मध्ये दाखवण्यात आले.

रेणू संपवण्याचे महत्त्व १९९१ मध्ये आणखी स्पष्ट झाले. लान्सेट आणि सहकाऱ्यांच्या इस्राएलमधील गटाने गंध-अस्तरातील एका विकराचा शोध प्रसिद्ध केला. हे विकर गंधरेणूला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडते आणि जोडणी होताच त्या रेणूची चेतापेशीला चेतवण्याची शक्ती नाहीशी होते. वासाची जाणीव थांबणे हीसुद्धा एक रासायनिक कृती आहे, हे त्यातून समजले. याच विकर-कुलातील यूजीटी २ए१ आणि २ए२ या जनुकांजवळील भेदांचा कोविडमध्ये वास आणि चव जाण्याशी संबंध असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय पाहणीत आढळले.

रक्षणातून उपजणारे विष

पी-४५० विकर रेणूला प्राणवायूचा अणू जोडते तेव्हा बहुतेक वेळा तो रेणू पुढच्या निचऱ्यासाठी तयार होतो. कधी कधी मात्र मधल्या टप्प्यातले रूप मूळ द्रव्याहून अधिक घातक ठरते. कपाटातल्या डांबरगोळ्यांतले नॅप्थलीन हे याचे स्पष्ट उदाहरण. ते स्वतः फारसे क्रियाशील नाही, पण विकराच्या क्रियेने त्याचे एपॉक्साइड बनते, आणि हे एपॉक्साइड पेशीतील प्रथिनांना जाऊन चिकटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नॅप्थलीनची वाफ हुंगवलेल्या रॅट जातीच्या उंदरांच्या नाकात गाठी झाल्याचे आढळले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नॅप्थलीनचा समावेश माणसात कर्करोगाची शक्यता असलेल्या द्रव्यांत केला. प्रायमेटांच्या नाकातील ही क्रिया रॅटपेक्षा पुष्कळ मंद असते, म्हणून उंदरावरील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. विष घडण्याचा मार्ग मात्र त्यातून निर्विवाद कळतो.

तणनाशक डायक्लोबेनिल उंदरांच्या बोमन ग्रंथी उद्ध्वस्त करते, कारण त्या ग्रंथींतील विकरेच त्याला क्रियाशील बनवतात. व्हिनाइल ॲसिटेटवर एस्टर फोडणाऱ्या विकराची क्रिया झाली की पेशीच्या आतच आम्ल सुटते. माणसाच्या श्वसनमार्गातले सीवायपी २ए१३ हे विकर तंबाखूतील एनएनके या नायट्रोसामाइनला कर्करोगजनक रूप देण्यात विशेष कार्यक्षम आहे. फॉर्माल्डिहाइडची गोष्ट उलटी आहे. तिथे विकरे खरोखर रक्षण करतात. मात्रा त्यांच्या क्षमतेबाहेर गेली म्हणजे अस्तराला इजा होते, आणि दीर्घकाळ मोठ्या मात्रेत राहिलेल्या रॅटच्या नाकात कर्करोग होतो. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसासाठी कर्करोगजनक ठरवले.

एक द्रव्य या क्रियेने निर्विष होते, दुसरे विषारी होते. विकर दोन्ही वेळा तेच करते, ज्या रासायनिक बंधावर त्याची पकड बसते त्याच्यावर क्रिया.

दर्शनांतील घ्राणेंद्रिय

न्याय-वैशेषिक मतानुसार गंध हा पृथ्वी या द्रव्याचा विशेष गुण आहे. जल, तेज आणि वायू यांना स्वतःचा गंध नसतो. वाऱ्याला वास येतो तो त्यात मिसळलेल्या पार्थिव कणांचा. घ्राणेंद्रियही पार्थिव असून ते नासिकेच्या अग्रभागी राहते. त्याच्या पार्थिवत्वाच्या समर्थनार्थ तुपाचा दृष्टांत दिला जातो. तूप केशराचा गंध प्रकट करते, तसे घ्राण गंधाला प्रकट करते. या दृष्टांतातच गंध प्रकट होण्यासाठी एका मधल्या द्रव्याची गरज मान्य केलेली आहे. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या पाठ्यग्रंथात हे सारे सुटसुटीतपणे येते. त्याची यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादित केलेली आवृत्ती १८९७ मध्ये मुंबई संस्कृत ग्रंथमालेत निघाली आणि अभ्यासकांत दीर्घकाळ वापरली गेली.

इंद्रिय विषयाला स्पर्श करूनच जाणते की दुरूनच, हा दर्शनांतला जुना वाद आहे. नैयायिक सर्वच इंद्रियांना विषयाशी भिडणारी, म्हणजे प्राप्यकारी, मानतात. जैनांच्या मते डोळा आणि मन तसे नाहीत, तर बौद्ध अभिधर्मात डोळा, कान आणि मन वगळले जातात. नाकाबाबत मात्र तिन्ही परंपरांचे एकमत आहे. वास जाणण्यासाठी गंधद्रव्य नाकाला भिडावे लागते, हे कोणीही नाकारत नाही. गंधरेणू अस्तरावरच्या द्रवात विरघळून ग्राहीला चिकटतो हे आजचे वर्णन या एकमताशी सुसंगत आहे.

त्याहून उपयोगी कल्पना पाकाची. पृथ्वीचे रूप, रस, गंध आणि स्पर्श हे गुण तेजाच्या संयोगाने बदलतात. कच्चे फळ पिकते, मातीचे मडके भट्टीत लाल होते. अशा रीतीने उपजलेल्या गुणांना पाकज म्हणतात. हा बदल सुट्या परमाणूंत होतो असे वैशेषिक म्हणतात, तर अखंड वस्तूत होतो असे नैयायिकांचे म्हणणे. आयुर्वेदाने हीच पाकाची कल्पना देहात नेली. जठराग्नी एक, भूताग्नी पाच आणि धात्वग्नी सात, असे तेरा अग्नी त्याने मानले. पोटाबाहेरही, प्रत्येक शरीरधातूत, द्रव्याचे रूपांतर होत असते हा त्यामागचा विचार. आजच्या जीवरसायनशास्त्राने नाकाच्या अस्तरात दाखवलेली विकरे प्राचीनांना ठाऊक होती असे म्हणणे चुकीचे होईल. पण देह जे ग्रहण करतो ते बदलून ग्रहण करतो, हे तत्त्व मांडण्यासाठी पाक ही कल्पना पुरेशी समर्थ आहे.

प्रत्यक्षाचे प्रामाण्य

गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्ष ज्ञानाची अट अशी सांगितली आहे की ते इंद्रिय आणि विषय यांच्या संनिकर्षातून, म्हणजे संपर्कातून, उपजलेले असावे आणि भ्रामक नसावे. नाकातील विकरे या अटीला थेट आव्हान देतात. २०१० मध्ये टोकियो विद्यापीठाच्या नागाशिमा आणि तोहारा यांनी उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. कडू बदामाचा वास देणाऱ्या बेन्झाल्डिहाइडसारखे अल्डिहाइड आणि काही एस्टर नाकातल्या द्रवात शिरताच त्यांची आम्ले आणि अल्कोहोले होऊ लागतात, असे त्यांना आढळले. विकराला रोखणारे द्रव्य नाकात सोडल्यावर मेंदूच्या गंधकंदातील प्रतिसादाचा नकाशा बदलला, आणि शिकवून ओळखीचा केलेला वास उंदरांना ओळखता येईना. म्हणजे उंदराला जो वास ओळखीचा होता, त्यात विकराने घडवलेल्या रेणूंचाही वाटा होता.

बाह्य वस्तू कधी थेट दिसत नाही, ज्ञानात उमटलेल्या आकारावरून तिचे केवळ अनुमान होते, असे सौत्रांतिक बौद्ध म्हणत. त्यांच्या बाजूने हा प्रयोग मांडता येईल. नैयायिकाला मात्र तेवढ्याने हार मानण्याचे कारण नाही. पाकज गुणाचा त्याचाच सिद्धांत त्याच्या मदतीला येतो. नाकातल्या द्रवात द्रव्याचे रूपांतर झाले तर नव्या द्रव्यात नवा गंध खरोखरच उपजतो, आणि इंद्रिय जे ग्रहण करते तो हाच, त्या क्षणी समोर असलेला गुण असतो. ग्रहणात भ्रम नाही. ‘हा फुलाचा गंध’ या निर्णयात मात्र अनुमानाचा अंश येतो. जे प्रत्यक्ष जाणले ते फुलातून निघालेले आणि वाटेत पाक झालेले द्रव्य होते, आणि फुलाशी त्याचा संबंध कार्यकारणाचा आहे.

हा संबंध नियमित असतो म्हणून व्यवहार चालतो. त्याच रेणूपासून त्याच विकराच्या क्रियेने दर वेळी तेच रूप बनते. म्हणून गुलाब आणि मोगरा यांतला भेद, ताजे दूध आणि नासलेले दूध यांतला भेद पाकानंतरही टिकून राहतो. नैयायिक ज्ञानाचे प्रामाण्य सफल प्रवृत्तीवरून ठरवतात. वासावरून अन्न ओळखले आणि ते खाण्यायोग्य निघाले, तर ते ज्ञान यथार्थ. मीमांसक ज्ञानाला स्वतःच प्रमाण मानतात आणि बाधक ज्ञान येईपर्यंत ते टिकते असे म्हणतात. दोन्ही कसोट्यांवर घ्राणजन्य ज्ञान टिकते, एका अटीवर: इंद्रिय निर्दोष असले पाहिजे. ती अट मोडली म्हणजे काय होते, हे पुढे येते.

हेतूचा प्रश्न

दुसरा प्रश्न घडणीचा आहे. सांख्यांच्या मते प्रकृती अचेतन असूनही पुरुषासाठी, म्हणजे चेतन तत्त्वासाठी, प्रवृत्त होते. वासरासाठी गाईचे दूध पाझरते, हा त्यांचा प्रसिद्ध दृष्टांत. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात यावर आक्षेप घेतला की अचेतन वस्तू आपण होऊन सहेतुक रचना करू शकत नाही. तिच्यामागे चेतनाचे अधिष्ठान हवे. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त जगाच्या रचनेवरून ईश्वराची सिद्धी करण्याचा प्रयत्न केला. पाश्चात्त्य जगात असाच युक्तिवाद विल्यम पेली यांनी १८०२ मध्ये मांडला, आणि डार्विन यांनी १८५९ मध्ये नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताने त्याला वेगळे उत्तर दिले.

नाकातील विकरे या वादात एक ठोस पुरावा ठेवतात. त्यांच्या क्रियेचे वळण बऱ्याच अंशी वनस्पतींच्या विषांशी, धुराशी आणि कुजण्यातून निघणाऱ्या वायूंशी प्राण्यांचा पिढ्यान्‌पिढ्या जो संबंध आला त्यातून घडले. ज्या रूपाने तगून राहणे साधले ते उरले. म्हणून परिचित विषांपुढे ती उत्तम काम करतात. डायक्लोबेनिलसारखे कारखान्यात जन्मलेले रेणू त्या इतिहासात नव्हते. अशा रेणूला विकर जुन्याच रीतीने हाताळते, आणि त्यातून काय निघेल याचा त्याला पत्ता नसतो. अडचण एवढ्यावर संपत नाही. नॅप्थलीन धुरातही असते, म्हणजे ते अगदी परके नाही. तरीही रॅटच्या नाकात त्याचे विष बनते.

यावरून ईश्वर नाही असे सिद्ध होत नाही, तसेच देहाची प्रत्येक यंत्रणा कल्याणासाठीच रचली आहे हेही सिद्ध होत नाही. एवढे मात्र निश्चित सांगता येते की देहातील ही शक्ती हिताहित पाहत नाही. ‘शरीराला आपोआप सगळे कळते’ ही श्रद्धा अनेक धार्मिक आणि आरोग्यविषयक बोलण्यात सहज येते. नाकाच्या बाबतीत ती अर्धीच खरी आहे. शरीर करते पुष्कळ, पण कळणे हे त्याचे काम नाही.

धर्माचरणातही ही गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पूजेच्या उपचारांत गंध आणि धूप येतात. पानिपतात बू अली शाह कलंदर यांचा दर्गा आहे, आणि दर्ग्यांत लोबान जाळण्याची प्रथा रूढ आहे. धूप, उदबत्ती किंवा लोबान अपुरा जळताना जो धूर होतो त्यात इतर कोणत्याही धुराप्रमाणे सूक्ष्म कण आणि हायड्रोकार्बन असतात. अर्पण करणाऱ्याचा भाव पवित्र असला तरी विकराला भाव दिसत नाही, रेणूच भेटतो. बंद गाभाऱ्यातला दाट धूर भक्ताच्या आणि पुजाऱ्याच्या नाकाला तितकाच धूर असतो.

न येणारा वास

इंद्रिय निर्दोष असले पाहिजे ही अट मोडते त्याचे सर्वांत गंभीर उदाहरण हायड्रोजन सल्फाइड आहे. हा वायू सांडपाणी कुजताना, गटारांत, टाक्यांत आणि तेलशुद्धीकरणात तयार होतो. अत्यल्प प्रमाणात त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत साधारण शंभर भाग इतका तो झाला की नाक बधिर होते आणि वास येणे बंद होते. त्याहून पुष्कळ अधिक प्रमाणात माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडून दगावू शकतो.

भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धीला, म्हणजे वस्तू न आढळण्याला, स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, यावरून घड्याचा अभाव कळतो. पण त्यांनी लगेच अट घातली की ती अनुपलब्धी योग्य असली पाहिजे: घडा असता तर तो नक्की दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा न दिसणे हा घडा नसल्याचा पुरावा होत नाही. हायड्रोजन सल्फाइडने बधिर केलेल्या नाकाला वास न येणे त्याच जातीचे आहे. टाकीत उतरणारा माणूस वास गेला म्हणून निर्धास्त होतो तेव्हा तो अयोग्य अनुपलब्धीला प्रमाण मानत असतो, आणि ही तर्कातली चूक त्याच्या जिवावर बेतते.

वास न येण्याची कारणे आणखीही असतात. त्याच वासात बराच काळ राहिल्यावर चेतापेशींचा आणि मेंदूचा प्रतिसाद मंदावतो. गंध-अस्तर झिजले असले तर वास मुळातच कमी येतो. आणि कार्बन मोनॉक्साइडसारख्या वायूला वासच नसतो. या सर्व ठिकाणी ‘काही वास येत नाही’ हे वाक्य हवा शुद्ध असल्याचा दाखला ठरत नाही.

पानिपतातील श्वास

मराठी मनाला पानिपत माहीत आहे ते १४ जानेवारी १७६१ च्या युद्धामुळे. हरियाणातील रोड समाजाची अनेक कुटुंबे आजही आपला वारसा त्या युद्धातून वाचलेल्या मराठ्यांशी जोडतात. दिल्लीच्या उत्तरेला सुमारे ९० किलोमीटरवर, राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात असलेले आजचे पानिपत मात्र हातमागाचे, घोंगड्या-ब्लँकेटांचे आणि गालिच्यांचे शहर आहे. जगभरातून येणारे टाकाऊ कपडे येथे रंगानुसार निवडले जातात, फाडले जातात आणि त्यांच्या तंतूंचे पुन्हा सूत काढले जाते. या सुताला तेथे शॉडी म्हणतात. कपडे फाडताना बारीक तंतूंची धूळ उडते. रंगाई, धुलाई आणि फिनिशिंग करताना रसायनांची वाफ निघते. सुरकुत्या न पडणाऱ्या कापडाच्या फिनिशिंगसाठी वापरली जाणारी अनेक रेझिने फॉर्माल्डिहाइडवर आधारलेली असतात. जवळच १९९८ मध्ये सुरू झालेला इंडियन ऑइलचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि औष्णिक वीजकेंद्र आहे. शरद ऋतूत भाताच्या पराळीचा, म्हणजे शेतात जाळलेल्या पेंढ्याचा, धूर या साऱ्यात मिसळतो.

अशा हवेत नाकाची विकरे अविरत काम करतात. त्यांच्यापुढे एका वेळी एकच द्रव्य नसून मिश्रण येते. एका द्रव्यावर काम करण्यात विकर गुंतले तर दुसऱ्याचा निचरा लांबतो. एखादे द्रव्य दुसऱ्यावर क्रिया करणाऱ्या विकराची मात्राही वाढवू शकते. प्रयोगशाळेत एकेका द्रव्यासाठी ठरवलेली सुरक्षित मर्यादा मिश्रणाचे सगळे सत्य सांगत नाही. शॉडीच्या गिरणीत काम करणाऱ्याला संध्याकाळी धुळीचा वास जाणवेनासा झाला, तर ते त्याच्या नाकाने केलेल्या रक्षणाचे चिन्ह असेल किंवा नाक थकल्याचे. इंद्रियाच्या साक्षीवरून हा भेद करता येत नाही.

या शहरात सामूहिक पातळीवर काही पावले पडली आहेत. हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाच्या आदेशाने १ जानेवारी २०२३ पासून राजधानी क्षेत्रातील उद्योगांत कोळशाच्या वापरावर बंदी आली. औष्णिक वीजकेंद्रे तिच्यातून वगळली गेली. १० ऑगस्ट २०२२ रोजी पानिपतात पराळीपासून इथेनॉल बनवणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. शेतात जळणारा पेंढा इंधन झाला तर तेवढा धूर उपजण्यापूर्वीच थांबतो. नाकातले कोणतेही विकर जे करू शकत नाही ते हे उपाय करतात. त्यांत विष नाकाशी येण्याआधीच विचार केलेला असतो.

करण आणि कर्ता

न्यायशास्त्रात इंद्रियाला ज्ञानाचे करण, म्हणजे साधन म्हटले आहे, कर्ता आत्मा. गीतेच्या अठराव्या अध्यायातही कर्माची पाच कारणे सांगताना कर्ता आणि करण वेगळे ठेवले आहेत. नाकातील विकर हे करणाचेही करण आहे. नॅप्थलीनचे एपॉक्साइड त्याने बनवले म्हणून त्याला दोष देता येत नाही, आणि सायनाइड निकामी केले म्हणून पुण्यही देता येत नाही. जिथे जाणीव नाही आणि पर्याय नाहीत, तिथे पाप-पुण्याची भाषा लागू होत नाही.

मग अपायाचे उत्तरदायित्व कोणाचे? जैनांच्या तत्त्वार्थसूत्रातील हिंसेची व्याख्या येथे फार उपयोगी पडते. त्या व्याख्येनुसार केवळ प्राणहानी पुरेशी नाही. प्रमादयुक्त वर्तनामुळे झालेली प्राणहानी ही हिंसा. प्रमादात बेसावधपणा आणि निष्काळजीपणा आला. जैन विचार द्रव्यहिंसा, म्हणजे प्रत्यक्ष हानी, आणि भावहिंसा, म्हणजे वृत्तीतली हिंसा, यांत भेद करतो आणि हिंसेचे मूळ प्रमत्त वृत्तीत पाहतो. विकराकडून प्रत्यक्ष हानी होते, पण त्याला प्रमाद संभवत नाही. प्रमाद संभवतो तो ज्याला कळू शकते त्याला: धुराड्याला गाळणी न बसवणाऱ्याला, गिरणीत वायुवीजन न ठेवणाऱ्याला, वायुमापकाने तपासणी न करता माणसाला टाकीत उतरवणाऱ्याला, नियम कागदावर ठेवून निरीक्षण न करणाऱ्याला. हाताने मैला साफ करण्यास आणि संरक्षक साधनांशिवाय गटारांत उतरवण्यास मनाई करणारा कायदा देशात २०१३ पासून आहे. तो मोडला जातो तेव्हा त्याची किंमत ज्याच्या हाती निर्णय नसतो त्याच्या श्वासाने चुकवली जाते. नाकाच्या अस्तराला सहन करावे लागणारे विष जाणत्या माणसाच्या निर्णयातून येत असेल, तर त्या विषाचे कर्तृत्वही त्याच निर्णयाकडे जाते.

श्वास घेणाऱ्या कामगारावर उत्तरदायित्व टाकण्याची पद्धत यामुळेच अन्यायाची ठरते. ‘सवय होते’, ‘शरीर जुळवून घेते’ असे म्हणताना शरीराच्या अचेतन शक्तीवर चेतन माणसाचे काम सोपवले जाते. काही विकरे धुराच्या सहवासात वाढतात हे खरे, पण वाढलेले विकर नेहमी रक्षणच करते असे नाही. जे द्रव्य त्याच्या क्रियेने विषारी बनते त्याचे विष उलट अधिक तयार होते. सवय होणे हा सुरक्षिततेचा पुरावा नाही.

दोन्ही प्रश्नांची उत्तरे अशा रीतीने एकत्र येतात. नाक विषयाला बदलून जाणते, तरीही पाक नियमित आणि इंद्रिय निर्दोष असेपर्यंत त्याची साक्ष विश्वसनीय आहे. इंद्रिय बधिर झाले की त्याच्या साक्षीला आणि त्याच्या मौनाला प्रमाण मानता येत नाही. देहातील पाकशक्ती प्राचीन आणि कार्यक्षम आहे, पण तिला हिताहित कळत नाही. ज्या विषांचा बंदोबस्त तिला करता येत नाही त्यांच्या बाबतीत धर्माचा आणि नीतीचा भार ज्याला विवेक आहे त्यानेच उचलायचा असतो, आणि त्यातही ज्याच्या हाती उगमाशी विष थांबवण्याची सत्ता आहे त्याने सर्वांत आधी.